संगणकास काम दाखवून शिकविण्याची रीत

नव्या गड्यास चाड्यावर मूठ धरावयास शिकवितांना कोणीही जाणता शेतकरी त्याच्यापुढें व्याख्यान देत बसत नाहीं. तो स्वतः एक-दोन फेरे पेरून दाखवितो व मग चाडें गड्याच्या स्वाधीन करितो. गडी चलाख असल्यास मालकाचा हात कसा हालतो एवढेंच पाहून तो थांबत नाहीं. जमीन हलकी लागली तेथें मूठ कशी बदलली, बांधाजवळ हात केव्हां आवरला, हेंही तो ध्यानांत ठेवितो. गडी मंद असल्यास हात जसा हालला तसाच तो हालवीत राहतो, आणि पाभर वळणावर आली तरी त्याची मूठ सुटतच असते. दोघांनीं पाहिलें तें एकच. परंतु एकास त्यांतील हेतु दिसला व दुसऱ्यास नुसती हालचाल दिसली. हा भेद ज्यास कळला त्यास प्रस्तुत विषय अर्धा समजला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

संगणक हें यंत्र आतां गांवोगांवच्या सहकारी सोसायट्यांत पोहोंचलें आहे. सभासदांच्या याद्या, कर्जाचीं खातीं, खताच्या सांठ्याच्या नोंदी व मालाच्या वजनाचे तक्ते त्यावर ठेवितां येतात. परंतु पुष्कळदां त्याचा उपयोग जाड वहीपलीकडे जात नाहीं. एकच कृति शंभर ओळींवर शंभर वेळां हातानें केली जाते. याचें कारण उघड आहे. संगणकाकडून काम करून घेण्यासाठीं जी आज्ञावली लागते ती विशिष्ट भाषेंत लिहावी लागते, आणि ती भाषा शिकण्यास ना गटसचिवास सवड असते ना सभासदास. म्हणून, ज्यास काम करितां येतें त्यानें तें संगणकापुढें करून दाखवावें व तेवढ्यावरून संगणकानें आपली आज्ञावली आपणच तयार करावी, अशी कल्पना सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं निघाली. तिचें स्वरूप काय, ती आज कोणत्या रूपानें आपल्या हातीं आली आहे, व तिचा उपयोग करितांना कोणती दक्षता घ्यावी, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. नुसती नोंद घेणारें यंत्र

दाखवून शिकविण्याची अगदीं साधी रीत म्हणजे केलेल्या कृतीची हुबेहूब नोंद घेणें व ती पुन्हां चालविणें. कारखान्यांतील यंत्रांत ही रीत बरीच आधीं आली. नॉर्वे देशांतील ब्र्यूने या गांवीं ट्राल्फा नांवाचा कारखाना एकचाकी हातगाड्या तयार करीत असे. त्यांवर रंग फवारण्याचें काम त्रासाचें असल्यामुळें त्यास माणसें मिळेनात. तेव्हां ओले मोलाउग या तंत्रज्ञानें रंग देणारा एक यांत्रिक हात बनविला, व १९६७ सालीं तो त्याच कारखान्यांत कामास लागला. त्यास शिकवितांना कुशल रंगारी तो हात धरून गाडीवरून एकदां फिरवी. त्याची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जाई, व पुढें यंत्र ती जशीच्या तशी करीत राही. रंगाऱ्यास एक अक्षरही लिहावें लागत नसे. मात्र अशा यंत्रापुढील गाडी ठरल्या जागेवरून हातभर सरकली तर रंग हवेंत जाणार हें उघड आहे. कारण 'गाडी रंगवावयाची आहे' हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें. हात कसा हालावा एवढेंच तें जाणतें.

आपल्या संगणकावरील 'मॅक्रो' हा याच जातीचा आहे. एक्सेलसारख्या तक्ते करण्याच्या साधनांत 'रेकॉर्ड मॅक्रो' अशी आज्ञा असते. ती देऊन नोंदीस एक नांव द्यावें, काम करावें, व संपल्यावर नोंद थांबवावी. पुढें त्या नांवानें तें सर्व काम एका क्षणांत पुन्हां होतें. दर महिन्याच्या तक्त्यास मथळा देणें, रकान्यांची रुंदी ठरविणें, बेरजेची ओळ घालणें, अशा कामीं मॅक्रो फार उपयोगी पडतो.

परंतु समजा, चैत्राच्या तक्त्यांत पांचवी ओळ रिकामी होती म्हणून ती आपण नोंद चालू असतांना काढून टाकली. आपल्या मनांत 'रिकामी ओळ काढावी' असें होतें. यंत्रानें लिहिलें तें मात्र 'पांचवी ओळ काढावी' असें. वैशाखाच्या तक्त्यांत पांचव्या ओळींत एखाद्या सभासदाचें नांव असेल, तर मॅक्रो तें नांव मुकाट्यानें काढून टाकील. शिवाय एक्सेलमध्यें मॅक्रोनें केलेलें काम नेहमींच्या 'अन्डू' आज्ञेनें मागें घेतां येत नाहीं, ही गोष्टही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नोंद घेतांना 'रिलेटिव्ह रेफरन्स' ही कळ दाबल्यास यंत्र ठराविक घराऐवजीं आपण उभे असलेल्या घरापासून अंतर मोजतें. त्यानें कांहीं अडचणी दूर होतात. तथापि 'रिकामी असेल तरच' ही अट तेवढ्यानें नोंदींत येत नाहीं. अट मनांत असते, हाताच्या हालचालींत नसते.

२. हेतु ताडणारें यंत्र

ही उणीव कशी भरून काढावी, याचा विचार अमेरिकेंतील विद्वानांनीं पुष्कळ वर्षें केला. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९७५ सालीं 'पिग्मॅलियन' नांवाची योजना प्रबंधरूपानें मांडली. तींत पडद्यावरील चित्रें हालवून संगणकास काम दाखवितां येत असे. पडद्यावरील लहान चित्रांस 'आयकॉन' हें जें नांव आज सर्वतोमुखी झालें आहे, तें संगणकाच्या व्यवहारांत त्यांनींच आणलें. पुढें १९८४ सालीं डॅनिएल हॅल्बर्ट यांनीं बर्कले येथील आपल्या प्रबंधांत असें सुचविलें कीं, यंत्रानें आधीं नोंद घ्यावी, व मग माणसानें त्या नोंदींतील प्रत्येक वस्तूचें वर्णन सुधारावें. अमुक नांवाची फाईल घ्यावयाची, कीं संचांत जी पहिली असेल ती घ्यावयाची, हें त्यानें स्पष्ट करावें. म्हणजे हेतु सांगण्याचें काम त्यांनीं माणसाकडेच ठेविलें.

अ‍ॅलन सायफर यांनीं अ‍ॅपल कंपनींत १९९१ सालीं 'ईगर' ही योजना प्रसिद्ध केली. तींत यंत्र मुकाट्यानें माणसाच्या कामाकडे पाहत राही. तीच कृति पुन्हां पुन्हां होत आहे असें दिसलें म्हणजे, माणूस आतां पुढें काय करील तें तें हिरव्या रंगानें दाखवी. अंदाज बरोबर येत आहे अशी माणसाची खात्री पटल्यावर उरलेलें काम तो यंत्रावर सोंपवी. खात्री पटेपर्यंत यंत्रानें कशासही हात लावावयाचा नाहीं, हा यांतील विशेष.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २००० सालचा. वॉशिंग्टन विद्यापीठांतील टेसा लाउ व त्यांचे सहकारी यांनीं 'स्मार्टएडिट' या योजनेंत यंत्रास एकच तर्क न करितां, दाखविलेल्या उदाहरणांशीं जुळणारे सर्व तर्क एकाच वेळीं बाळगावयास लाविलें. नवें उदाहरण आलें कीं जे तर्क त्याशीं जुळत नाहींत ते गळून पडतात. बी चाळतांना चाळणी बदलत गेल्यास कोंडा निघून टपोरें बी उरतें, तसाच हा प्रकार आहे. कानपूरच्या आय. आय. टी.चे पदवीधर व मायक्रोसॉफ्ट कंपनींतील संशोधक सुमित गुलवानी यांनीं तक्त्यांतील मजकुरासाठीं अशी रीत २०११ सालीं प्रसिद्ध केली, व ती 'फ्लॅश फिल' या नांवानें एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तींत आली. एका कोपऱ्यांतील प्रयोग त्यामुळें सामान्य माणसाच्या हातीं पडला.

३. एक उदाहरण कां पुरत नाहीं

यंत्राचे तर्क कसे चालतात हें आपल्या परिचयाच्या एका हिशेबावरून पाहूं. जुन्या वहींत जमिनीचें क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेलें आहे, व तें सर्व गुंठ्यांत आणावयाचें आहे. पहिल्या सभासदाचें क्षेत्र १.२०, म्हणजे १ एकर २० गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणून आपण उत्तर ६० लिहिलें. आतां हें एकच उदाहरण पाहणाऱ्या यंत्रापुढें निदान चार तर्क उभे राहतात. पहिला, प्रत्येक ठिकाणीं ६० लिहावे. दुसरा, दिलेल्या अंकास ५० नें गुणावें, कारण १.२० गुणिले ५० म्हणजे ६० होतात. तिसरा, टिंबापुढील अंकाची तिप्पट करावी. कारण २० त्रिक ६०. चौथा, एकरांस ४० नें गुणून त्यांत गुंठे मिळवावे. खरा तर्क चौथा, हें आपण जाणतों. यंत्र जाणत नाहीं. त्याच्या दृष्टीनें चारही सारखेच खरे आहेत.

दुसरें उदाहरण २.१० चें दिलें, व त्याचें उत्तर ९० लिहिलें, म्हणजे काय होतें पाहा. पहिल्या तर्कानें ६०, दुसऱ्यानें १०५ व तिसऱ्यानें ३० येतात. ९० कोणाचेच येत नाहींत. तिन्ही गळाले, चौथा उरला. परंतु दुसरें उदाहरणही आपण १ एकर २० गुंठ्यांचेंच दिलें असतें, तर यंत्राच्या ज्ञानांत कांडीमात्र भर पडली नसती, आणि ५ एकरांच्या सभासदाचे २०० गुंठे व्हावयाचे ते दुसऱ्या तर्कानें २५० झाले असते. उदाहरणांची संख्या वाढविण्यापेक्षां तीं एकमेकांहून भिन्न असणें महत्त्वाचें, हें यावरून ध्यानांत येईल.

येथेंच आणखी एक सूचना करून ठेवितों. संगणकास १.२० हा दशांश अपूर्णांक वाटतो, व तो पुष्कळदां १.२ एवढाच दाखवितो. मग २ गुंठे कीं २० गुंठे, हा संशय कायमचा राहतो. हेक्टर-आर पद्धतींत १ हेक्टरचे १०० आर होत असल्यामुळें ही अडचण येत नाहीं. एकर-गुंठ्यांत मात्र येते. यास्तव एकर व गुंठे हे नेहमीं दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावे.

४. प्रत्यक्ष कृति

आतां फ्लॅश फिलचें एक काम क्रमानें पाहूं. यादींतील एका रकान्यांत गट नंबर व हिस्सा एकत्र लिहिलेले आहेत: ११२/२, ८७/१, १३०/४ याप्रमाणें. आपणांस शेजारच्या रकान्यांत फक्त गट नंबर पाहिजेत.

प्रथम मूळ रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' असा ठरवावा, व मगच त्यांत अंक भरावे. हें न केल्यास ११/२ सारखा नंबर लिहितांच एक्सेल त्याची तारीख करून टाकतें. हा दोष फ्लॅश फिलचा नव्हे, परंतु न विचारतां तर्क करण्याचाच तो एक नमुना आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही त्यानें चकविलें आहे. 'मार्च १' व 'सेप्ट १' अशा संक्षिप्त नांवांच्या मानवी जनुकांच्या तारखा होऊं लागल्यामुळें, नांवें ठरविणाऱ्या समितीनें अशीं नांवें बदलल्याचें २०२० सालीं जाहीर केलें.

नंतर पहिल्या ओळीसमोर ११२ असें लिहावें. दुसऱ्या ओळीच्या घरांत येऊन 'कंट्रोल' ही कळ दाबून धरून 'ई' दाबावी. यंत्र खालचीं सर्व घरें भरून टाकील. आतां घाईनें समाधान मानूं नये. ११२ या एका उदाहरणावरून 'पहिलीं तीन अक्षरें घ्यावीं' व 'तिरप्या रेघेपूर्वींचें सर्व घ्यावें' असे दोन्ही तर्क निघूं शकतात. ८७/१ समोर ८७ आले आहेत कीं ८७ पुढें रेघही आली आहे, हें पाहावें. ज्या गटाचा हिस्साच पडलेला नाहीं, म्हणजे नुसता ४५ असा अंक आहे, त्यासमोर काय आलें तें पाहावें. तेथें रेघ नसल्यामुळें यंत्र घर रिकामें सोडील किंवा भलतेंच कांहीं लिहील असा संभव असतो. तसें झाल्यास भरलेलीं घरें पुसून, ११२/२, ८७/१ व ४५ या तिन्ही जातींचीं उत्तरें स्वतः लिहावीं, व मग पुन्हां तीच कळ दाबावी.

या साधनाच्या दोन मर्यादा आहेत. एक अशी कीं, भरलेलीं उत्तरें मूळ रकान्याशीं बांधलेलीं नसतात. मूळ नंबर उद्यां दुरुस्त केला तरी शेजारचें उत्तर जुनेंच राहतें. दुसरी अशी कीं, आपण कोणता नियम लाविला हें यंत्र सांगत नाहीं. सूत्र लिहिलें असतें तर तें वाचून तपासतां आलें असतें. येथें उत्तरें तपासण्यावांचून दुसरा मार्ग नाहीं.

५. शिकविणाऱ्यानें पाळावयाचे नियम

(१) काम सुरू करण्यापूर्वीं मूळ फाईलीची एक प्रत निराळी ठेवावी, व प्रयोग प्रतीवर करावा.

(२) उदाहरणें निवडतांना यादीच्या आरंभींच्या चार ओळी घेऊन भागवूं नये. यादी वरपासून खालपर्यंत वाचून जे आडवळणाचे प्रकार असतील ते शोधावे: ज्याच्या नांवांत आडनांव लिहिलेलें नाहीं असा सभासद, सामाईक खातें, मयत सभासदाच्या वारसांची नोंद, रिकामें घर. यांतील प्रत्येक जातीचें निदान एक उदाहरण यंत्रास दाखवावें.

(३) काम झाल्यावर कांहीं ओळी मधूनमधून घेऊन हातानें पडताळाव्या, व शक्य तेथें बेरीज जुळवावी. पूर्वींच्या यादींत सभासद किती व आतां किती, पूर्वींचें एकूण क्षेत्र किती व आतां किती, एवढें पाहिलें तरी पुष्कळ चुका सांपडतात.

(४) ज्या कामांत 'अमुक असेल तरच' अशी अट आहे, तें नुसत्या मॅक्रोच्या नोंदीवर सोडूं नये. कांहीं काढून टाकण्याचें काम तर हातानेंच करावें, किंवा जाणत्याकडून अट लिहवून घ्यावी.

(५) परक्याकडून आलेल्या फाईलींतील मॅक्रो चालवूं नये. १९९९ सालीं 'मेलिसा' नांवाचा उपद्रवी मॅक्रो एका दस्तऐवजांतून ई-टपालानें पसरत जाऊन जगभरच्या कचेऱ्यांत शिरला होता. मॅक्रो हा नोकर आहे. तो कोणाच्या शिफारशीनें आला हें पाहूनच घरांत घ्यावा.

अलीकडे, विशेषतः २०२२ सालापासून, साध्या बोलण्यांतील वाक्यें समजून घेऊन आज्ञावली लिहून देणारीं साधनेंही लोकांच्या हातीं आलीं आहेत. त्यांस काम शब्दांत सांगतां येतें, व सोबत उदाहरणेंही देतां येतात. साधन नवें असलें तरी वरील नियम त्यासही लागू आहेत. शब्दांत सांगितलेल्या कामांतही अनेक अर्थ लपलेले असतात, व चांगल्या निवडलेल्या उदाहरणांनीं ते उघडकीस येतात.

शेवटीं एका गोष्टीकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावयाचें आहे. यादींत शंभरांपैकीं सत्त्याण्णव ओळी बरोबर आल्या म्हणजे काम उत्तम झालें असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु उरलेल्या तीन ओळी या तीन कुटुंबांच्या आहेत. ज्याचें क्षेत्र कमी लागलें किंवा ज्याचा गट दुसऱ्याच्या नांवापुढें पडला, त्यास तें कर्जाच्या किंवा भरपाईच्या वेळींच कळतें. आणि बहुधा ज्यांचे कागद आधींच आडवळणाचे असतात, म्हणजे विधवा, वारस, सामाईक खातेदार, त्यांच्याच वांट्यास ही चूक येते. यंत्र नेहमींच्या प्रकारांत चुकत नाहीं. जें त्यास दाखविलें नाहीं तेथें तें चुकतें.

म्हणून संगणकास शिकविण्याचें काम केवळ कळा दाबण्यांत तरबेज असलेल्या तरुणावर सोंपवून मोकळें होऊं नये. आज्ञावलीची भाषा येण्याची अट आतां राहिली नाहीं. जी अट उरली आहे ती अशी कीं, कोणत्या गटाचा हिस्सा पडला नाहीं, कोणाचें खातें सामाईक आहे, कोणत्या नोंदींत जुना घोळ आहे, हें ठाऊक असावें. हें ज्ञान पुस्तकांत नसून गांवांतील जुन्या सभासदांपाशीं आहे. अशा एका जाणत्यास तरुणाच्या शेजारीं बसवावें, त्यानें उदाहरणें निवडावीं, व तरुणानें तीं यंत्रास दाखवावीं. पेरणीच्या वेळीं चाडें नव्या गड्याच्या हातीं दिलें तरी जाणता मालक पहिल्या दिवशीं पाभरीमागें चालतोच. तेवढे श्रम येथेंही घ्यावेत, म्हणजे हें नवें साधन आपल्या सोसायटीच्या कामीं निःशंकपणें वापरतां येईल.